ताटापासून प्रबंधापर्यंत : मराठवाड्यात पहिलं आहार-सर्वेक्षण करताना

दरवर्षी पाऊस सुरू झाला की परभणीच्या माझ्या घरी दोन-चार विद्यार्थी येतात. कुणी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी, कुणी पीएच.डी.च्या नोंदणीआधी. हातातल्या कागदावर विषय बहुतेक वेळा एकच असतो : 'मराठवाड्यातील ग्रामीण महिलांचा आहार व आरोग्य : एक अभ्यास'. आठ जिल्हे, सगळ्या महिला, आहारही आणि आरोग्यही! एका माणसाच्या हयातीत हे काम होत नाही. मग चहा होतो, कागद उलटा केला जातो आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतो. आहारशास्त्र, सामुदायिक विज्ञान, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून पहिल्यांदाच गावात माहिती गोळा करायला निघालेल्यांसाठी तेच बोलणं इथे क्रमाने लिहिते आहे.

विषय ताटातून उचला

आपल्या ज्वारीची एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. पेलाग्रा नावाचा आजार आहे. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे येतात, जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हे होतं आणि जगाला तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा आजार म्हणून माहीत होता. पण दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांतही तो दिसत होता. शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून नायसिन तयार करतं, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नसतं. मग हा आजार का? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या प्रश्नाच्या मागे लागले आणि १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन, म्हणजे प्रथिनांतलाच आणखी एक घटक, याच्या मुळाशी असावं. या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, पण प्रश्न कसा पकडला ते बघा. 'दख्खनमधील जनतेचे आरोग्य' असा विषय त्यांनी घेतला नव्हता. एक धान्य, एक आजार आणि न जुळणारा एक हिशोब, एवढंच.

तुमचा विषयही असा मुठीत मावला पाहिजे. 'धारूर तालुक्यातल्या दोन गावांत ऊसतोडीहून परतलेल्या २० ते ४० वयाच्या स्त्रियांच्या रोजच्या जेवणात डाळ किती असते?' हा विषय झाला. 'परभणी शहरात वसतिगृहात राहणाऱ्या मुली सकाळचा नाश्ता का टाळतात?' हाही झाला. कोण, कुठे, किती वयाचं आणि नेमकं काय मोजायचं, या चारांचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

गावचं खाणं हा संशोधनाचा हलका विषय आहे असं कुणी म्हणालं तर कमला सोहोनी आठवा. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आलेल्या या बाईंनी पुढे गरिबाला परवडेल असं पोषण म्हणून नीरेवर काम केलं.

वाचन, मार्गदर्शक, पैसे

यावर फार लिहीत नाही, कारण नियम बदलत असतात. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. तुमच्या विषयाच्या आसपासचे किमान पंधरा वाचा आणि त्यांची प्रश्नावली परिशिष्टातून काढून बघा. छत्रपती संभाजीनगरचं आणि नांदेडचं, दोन्ही मराठवाडा विद्यापीठं, परभणीच्या कृषी विद्यापीठातलं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, एवढ्या जागा आपल्या हाताशी आहेत. ग्रंथालयात बसायला कुणी नाही म्हणत नाही, आधी एक पत्र नेलं की झालं. पीएच.डी. करणार असाल तर बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर नजर ठेवा. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ शेवटच्या आठवड्यात होते, ती आधीच उरकून घ्या.

मार्गदर्शक निवडताना नाव किती मोठं ते बघू नका. ते शेवटचे स्वतः गावात कधी गेले होते, ते विचारा.

किती जणींना भेटायचं

'शंभर घेऊ का मॅडम?' हा ठरलेला प्रश्न. शंभरच का, याचं उत्तर तोंडी परीक्षेत द्यावं लागतं, म्हणून सूत्र समजून घ्या. समजा तुम्हाला रक्तक्षयाचं प्रमाण काढायचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हे प्रमाण ०.५४ धरा. १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग, गुणिले ०.५४, गुणिले ०.४६ (१ वजा ०.५४), आणि या सगळ्याला उत्तरात किती चूक चालेल त्या मर्यादेच्या वर्गाने भागा. मर्यादा ५ टक्के (०.०५) ठेवली तर उत्तर ३८२ येतं, १० टक्के (०.१०) ठेवली तर ९६. म्हणजे तुमचे शंभर चालतील, पण उत्तर ढोबळ येईल आणि ते ढोबळ आहे हे प्रबंधात लिहावं लागेल. एकाच गावातल्या, एकाच गल्लीतल्या स्त्रियांचं खाणं एकमेकींसारखं असतं, त्यामुळे गावं निवडून त्यांत घरं निवडणार असाल तर संख्या दीडपट-दुप्पट लागते. हे गणित संख्याशास्त्राच्या माणसाकडून सर्वेक्षणाआधी तपासून घ्या. फॉर्म भरून झाल्यावर त्यांच्याकडे गेलात तर तेही फार काही करू शकत नाहीत.

परवानगी आणि संमती

माणसांवरच्या अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. 'फक्त प्रश्नच विचारायचे आहेत' ही सबब चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मिळवा आणि संमतीचं प्रकरण पूर्ण वाचा. तुमच्या विभागात समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या समितीकडे अर्ज करता येतो का, ते मार्गदर्शकांकडून विचारून घ्या. यात दोन-तीन महिने सहज जातात. लाडू, चिक्की किंवा पीठ देऊन परिणाम बघायचा असेल तर तो प्रयोग झाला. मग पहिली व्यक्ती सहभागी होण्याआधीच भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत त्याची नोंद करा. नंतर केलेली नोंद नियतकालिकं मानत नाहीत.

आता संमतीपत्राबद्दल. बहुतेक संमतीपत्रं सरकारी मराठीत असतात. 'सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून' असं वाचून दाखवलं की समोरची बाई मान हलवते आणि अंगठा उठवते. ती संमती नव्हे. माहितीपत्रक बोलीत लिहा : आम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागणार, रक्त घेणार का, किती थेंब, यातून तुम्हाला काय मिळेल, काय मिळणार नाही, आणि मधेच नको वाटलं तर 'बस माय आता' म्हटलं तरी चालेल. शेवटचं वाक्य असंच लिहा. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि सोबत तुमच्या चमूतला नसलेला साक्षीदार ठेवा. ७ ते १८ वयाच्या मुलांत पालकांच्या संमतीसोबत मुलाची स्वतःची तयारीही लागते. १२ वर्षांपर्यंत ती तोंडी चालते, पुढे लेखी.

मी हे इतकं का सांगते? एका गावात पहिल्याच घरी एक आजीबाई मला म्हणाल्या होत्या, "दोन वर्षांमागं अशाच पोरी आल्त्या. बोटातून रगत नेलं. काय निघालं ते आजून सांगायचंय." तो चमू कुणाचा होता ते मी विचारलं नाही. पण त्या गल्लीत पुढच्या अकरा घरांनी मला दारातूनच परत पाठवलं, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे : निकाल परत कसा देणार, हे लिहून झाल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही. त्याचं पुढे सांगते.

कधी जायचं

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि गावचं वेळापत्रक जुळत नाही, आणि वाकायचं तुम्हालाच आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कित्येक गावांत दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरांना कुलपं असतात. डिसेंबरात गेलात तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली लेकरं भेटतील, आणि त्यांच्यावरून तुम्ही सगळ्या गावाचा आहार लिहाल. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत घर सकाळी सातलाच रिकामं होतं. हुरड्याच्या दिवसांत खाणं वेगळं, लग्नसराईत वेगळं, आणि मे महिन्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या घरात भाजी किती शिजते हाच वेगळा अभ्यास आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी 'काल काय खाल्लं' असं विचाराल तर भज्जी, आंबील आणि नातेवाइकांनी भरलेलं शेत एवढंच ऐकायला मिळेल. ते ऐकण्यासारखं आहेच, पण रोजचं नव्हे.

एकादशी, चतुर्थी, गुरुवार, शुक्रवार. उपवास कुणाचा कोणता, हे फॉर्मच्या वरच्याच ओळीत लिहा. उपवासाचा दिवस टाळायचा की धरायचा ते आधी ठरवा, आणि सगळ्यांसाठी एकच नियम ठेवा.

गावात पहिल्यांदा जाताना आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या, कारण कुत्रं कोणत्या घरचं चावतं इथपासून सगळं त्यांना माहीत असतं. पण मुलाखतीच्या वेळी त्यांना बाहेर थांबायची विनंती करा. लोहाची गोळी घेतली का, या प्रश्नाचं उत्तर गोळी देणाऱ्या बाईसमोर नेहमी 'हो' असतं.

चोवीस तासांची आठवण

आहार मोजायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे 'काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं-प्यालं' हे विचारून लिहिणं. कागदावर सोपी वाटते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी साठ फॉर्म भरून आणले होते. मार्गदर्शक बाईंनी दहा-बारा चाळले आणि विचारलं, "ह्या साठ बायका आहेत की एकच?" प्रत्येकीपुढे मी 'भाकरी दोन, वरण एक वाटी, चहा दोन कप' लिहिलं होतं.

मी वजनकाटा आणि मापाचा प्लास्टिक ग्लास घेऊन त्याच गावात परत गेले. पहिल्या घरी काटवटीत पीठ मळून झालं होतं. थापायच्या आधी मी गोळा काट्यावर ठेवला. मग कोरडं पीठ किती घेतलं होतं ते डब्यातून पुन्हा तसंच काढून मोजलं. त्या घरची भाकरी ८० ग्रॅम पिठाची निघाली. चार घरं सोडून पुढच्या घरची १४० ग्रॅमची. दोघींनीही 'दोन भाकरी' सांगितलं होतं. वाट्यांचंही तेच. त्यांच्या रोजच्या वाटीत पाणी भरून मापात ओतलं तर एकीची वाटी ९० मिलिलिटर, दुसरीची २०० च्या वर. ते साठ फॉर्म मी बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण चुकीचे साठ प्रबंधात गेले असते तर जास्त वाईट वाटलं असतं.

म्हणून प्रत्येक घरात आधी भांडी. 'तुमची रोजची वाटी दाखवता का?' या विनंतीने घरात जागाही मिळते. पीठ, वाटी, चहाचा कप, तेलाचा चमचा किंवा पळी, आणि महिन्याला तेल किती लागतं ते. ही मापं फॉर्मच्या मागे लिहून ठेवा.

मग प्रश्न. 'काल काय खाल्लं?' असं थेट विचारलं की उत्तर येतं, "काय खाणार माय, भाकर." ही थट्टा नाही, तिच्या दृष्टीने ते खरं उत्तर आहे. खाण्याबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा. 'काल किती वाजता उठलात? मग काय केलं? चहा कुणी केला? शेतात कधी गेलात? डबा कुणी बांधला? कोणाच्या रानात खुरपत होतात? वाटेत काही तोडलं का?' त्या 'भाकर' म्हणणाऱ्या बाईच्या दिवसातून अशी यादी निघाली : उठल्यावर कोरा चहा, लेकराच्या ताटातला उरलेला भात, दुपारी शेतात भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा, शेजारणीने दिलेली अंबाडीची भाजी, खुरपताना सोललेल्या मूठभर तुरीच्या शेंगा, परत येताना बोरं, रात्री भाकरी आणि भांड्याला लागलेलं वरण. मूठभर शेंगा किती? तिच्याच मुठीने दाखवायला सांगा आणि ती मूठ मोजा.

ही विचारपूस एका दमात उरकत नाही. एकदा तिला तिच्या पद्धतीने सांगू द्या, मधे तोंड घालू नका. मग विसरलेल्या गोष्टी विचारा : चहा, त्यातली साखर, ऊस, गूळ-शेंगदाणे, लेकरासोबत खाल्लेली बिस्किटं. मग वेळ आणि जागा. मग प्रत्येक पदार्थात काय काय घातलं आणि किती. शेवटी सगळं वाचून दाखवा. हमखास एक गोष्ट त्या वेळी आठवते. एका दिवसावरून माणसाचं नेहमीचं खाणं कळत नाही. तीन दिवस घ्या, सलग नकोत, आणि त्यांतला एक आठवडी बाजाराच्या किंवा सुट्टीच्या आसपासचा असू द्या.

बाई शेवटी जेवते, आणि सासू किंवा नवरा समोर असताना ती कमी खाल्लं असं सांगत नाही. घरात भाजी पुरली नाही ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नसते. तिथे 'तुम्हाला पुरतं का?' हा प्रश्न अपमानासारखा लागतो. मी विचारते, 'काल शेवटी कोण जेवलं? तेव्हा कशात काय उरलं होतं?' उत्तर मिळतं, आणि तिला खाली बघावं लागत नाही. मिसरी, तंबाखू, सुपारी, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती हेही याच स्वरात विचारा. माती-पेन्सिल खायची ओढ रक्तक्षयात दिसते. ती लपवायची सवय झालेली असते, म्हणून चेहऱ्यावर आश्चर्य आणू नका.

मोजमापं

वजनकाटा सपाट फरशीवर ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर खाली प्लायवूडचा तुकडा घ्या. रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासा. नऊवारी असेल तर तशाच साडीचं वजन वेगळं करून टिपून ठेवा. पाटल्या-जोडवी काढायला लावू नका, फक्त नोंद करा. उंची मोजताना टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतात, पण आंबाडा मधे येतो. तो थोडा खाली घ्यायला सांगा, आणि हे पुरुषांसमोर सांगू नका.

हिमोग्लोबिन बोटातून घेणार असाल तर ते प्रशिक्षित माणसानेच घ्यावं. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. शक्य असेल तिथे जागतिक आरोग्य संघटना शिरेतल्या रक्ताची शिफारस करते. खर्च जास्त येतो, म्हणून निदान काही जणींत दोन्ही रीतींनी मोजून फरक तपासा. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली रक्तक्षय धरतात, ८ च्या खाली तीव्र. ८ च्या खाली कुणी सापडली तर त्या दिवशीचं सर्वेक्षण थांबलं असं समजा. तिला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण नेणार, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

मनाबद्दल विचारताना

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं, पण आहारवाल्यांनीही वाचा. ज्या घरात भूक मंदावली आहे तिथे मन आणि ताट वेगळं करता येत नाही. नैराश्य तपासायची 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी सगळीकडे वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी, असं साधारण धरतात. ही यादी निदान करत नाही, फक्त खूण करते.

अडचण भाषेची आहे. 'उदास वाटतं का?' म्हटलं की आमच्याकडे उत्तर येतं, "उदास म्हंजी?" तीच बाई न विचारता सांगते : मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोकं बधिर झालंय, कुणाशी बोलावं वाटत नाही. म्हणून तपासून घेतलेला मराठी अनुवादच वापरा. गावात नेण्याआधी आठ-दहा जणांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि 'तुम्हाला यातून काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारा. जिथे अर्थ निसटतो तिथे एक समजावणीचं वाक्य ठरवा, आणि तेच वाक्य सगळ्यांना वापरा. आयत्या वेळी मनाने शब्द बदलले तर एका गावचा आकडा दुसऱ्या गावाशी लावता येत नाही. 'मागचे दोन आठवडे' याऐवजी 'मागचे पंधरा दिवस' लगेच कळतं. पोळा, पंचमी अशी एखादी खूण दिली तर आणखी नीट.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तो वगळू नका आणि घाईने वाचू नका. 'हो' आलं तर पेन खाली ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच्या परवानगीने घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, मार्गदर्शकांना फोन लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तिथूनच फोन लावून द्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे दिवस आणि वेळ आधीच फॉर्मच्या पाठीवर छापून घ्या.

ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे, त्या घरी पहिल्यांदाच संशोधनाला निघालेल्या विद्यार्थ्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बाईने तेच दुःख पत्रकाराला, तलाठ्याला, संस्थेला आणि नातेवाइकांना किती वेळा सांगायचं? अनुभवी माणसासोबत, तिच्या बोलावण्यावरून गेलात तर गोष्ट वेगळी.

आकडे लिहिताना

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा अन्नघटक तक्ता आपण वापरतो, त्यात ५२८ पदार्थ आहेत. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. १०० ग्रॅम ज्वारीपुढे १३९८ दिसतं. ते कॅलरी समजून लिहिलं तर गाव एकदम चौपट जेवायला लागतं. ४.१८४ ने भागा, ३३४ किलोकॅलरी येतील. दुसरं, तक्ता कच्च्या पदार्थांचा आहे. भाकरीचं वजन त्यात घालायचं नाही, पिठाचं घालायचं. म्हणूनच वर पीठ मोजायला सांगितलं.

८० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे २६७ किलोकॅलरी आणि ३.२ मिलिग्रॅम लोह मिळतं. दिवसाला चार भाकरी खाणारीला त्यांतून साडेबाराच्या आसपास मिलिग्रॅम लोह मिळेल. प्रौढ स्त्रीसाठी २०२० ची शिफारस आहे २९. म्हणजे भाकरी पोटभर खाऊनही निम्म्याहून जास्त अंतर राहतं, आणि जेवणावर लगेच चहा झाला तर त्यातलंही शोषण कमी होतं. भाजीवर लिंबू, कच्चा आवळा किंवा पेरू मिळाला तर वाढतं. घरात कोणती ज्वारी आहे तेही विचारा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत काढलेला 'परभणी शक्ती' हा लोह-जस्त जास्त असलेला वाण २०१८ मध्ये आला आहे. तो कुणाच्या शेतात असेल तर तक्त्यातला सरासरी आकडा तिथे लागू होत नाही.

नावं आणि आकडे एकाच फाइलीत ठेवू नका. क्रमांक द्या आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. रोज संध्याकाळी, एसटीत बसण्याआधी, त्या दिवशीचे फॉर्म एकदा चाळा. राहिलेला रकाना त्याच गावात भरता येतो, घरी येऊन अंदाजाने भरायचा नसतो.

परत जाणं

प्रबंध छापून झाला की गावाचा रस्ता विसरला जातो. तसं होऊ नये म्हणून परत जाण्याची तारीख एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा. परत देण्याच्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू नका.

एक, जिची माहिती तिला. हाताएवढी चिठ्ठी पुरते : वजन, हिमोग्लोबिन, त्याचा अर्थ साध्या वाक्यात, आणि कुठे जायचं. 'रक्त कमी आहे. सोमवारी उपकेंद्रात ताईंना ही चिठ्ठी दाखवा.' औषध तुम्ही सांगू नका. पण लोहाची लाल गोळी घेतल्यावर शौचाला काळं होतं आणि त्याची भीती नाही, एवढं जरूर सांगा. त्या भीतीने पुष्कळ बायका चौथ्या दिवशीच गोळी बंद करतात. चिठ्ठी पाकिटात घालून तिच्याच हातात द्या. आशाताईंकडे गठ्ठा देऊन मोकळं व्हायचं नाही.

दोन, गावाला. बचत गटाच्या बैठकीला अर्धा तास मागा. पडदा, प्रोजेक्टर, रंगीत आलेख यांची गरज नाही. त्यांच्याच गावातली एक परात घ्या. तुमच्या अभ्यासात सरासरी निघालेली भाकरी, डाळ आणि भाजी खरीखुरी मोजून तीत मांडा. शेजारी दुसरी परात, त्यात जेवढं हवं तेवढं. एकदा अशी मांडणी केली तेव्हा पुढे बसलेल्या एका मावशींनी काहीही न बोलता उठून डाळीची वाटी एका परातीतून दुसरीत ठेवून बघितली. मग सगळ्याच बोलायला लागल्या. तुरीचा भाव, रेशनवर डाळ कधी येते, दाराशी शेवगा लावायला पाणी कुठून आणायचं. ते सगळं लिहून घ्या. पुढच्या अभ्यासाचा प्रश्न त्यात असतो, आणि तो तुमच्या उलट्या कागदावरच्या प्रश्नापेक्षा चांगला असतो.

काही पाकिटं उरतातच. ज्यांना तुम्ही ऑक्टोबरात भेटलात त्या कोयत्यावर गेलेल्या असतात. ती पाकिटं पोस्टाने पाठवू नका, शेजारी देऊ नका. त्या परत येतात तेव्हा, एप्रिल-मे मध्ये, तुम्हीच जा. त्या एका फेरीचे एसटीचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरून ठेवा.